तसूभरही चूक नाही

संकेश्वरच्या मालुबाईंचा खुबा डॉ. निशांतनी नवा संगणकी चष्मा घालून बदलला. चष्मा हाडावरच रेषा आखून दाखवायचा, त्यामुळे मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात फिरतो ती नवी वाटी अगदी नेमक्या कोनात बसली होती.

घरी सोडताना त्यांनी पुन्हा बजावलं, "आक्का, तीन महिने अजिबात वाकायचं नाही. गोळा वाटीतून निसटेल."

"न्हाय वाकत," म्हणत मालुबाई वॉकर धरून दारापर्यंत गेल्या. तिथून वळून परत आल्या. डोळे भरले होते.

"तुमच्यामुळं पाय मिळाला बगा."

"आक्का, नको!"

डॉक्टरांचे हात पोचायच्या आत खुब्यातून कट्कन आवाज आला.

डॉक्टरांच्या पायांशी कळवळत पडलेल्या मालुबाईंनी विचारलं, "देवाच्या पाया पडायला बी वाकायचं न्हवतं व्हय?"