आधी पोचेल त्याचं खरं

घाटाच्या तिसऱ्या वळणावर धाकट्याने मागे वळून पाहिलं, तेव्हाच ताईने ओळखलं की हा आता सुटणार. लहानपणापासूनची खोड. पळायच्या आधी एकदा मागे बघायचं.

तो सीटवरून उठला आणि सायकल डावी-उजवी झुलवत निघाला. ताईच्या आजूबाजूला शेकडो जण धापा टाकत चढत होते. कुणी गप्पा मारत होतं, कुणी थांबून दरीचे फोटो काढत होतं. सगळे हौसेने आलेले. त्या एवढ्या गर्दीत खरी शर्यत दोघांचीच होती.

ताईने त्याच्या मागे लागायचा मोह आवरला. त्याच्या वेगाने चढली असती तर माथ्यावर तिला उचलूनच आणावं लागलं असतं.

भांडण बाबांवरून होतं. सायकली दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. आता त्यांना पोटची पोरं ओळखू येत नव्हती, पान्हे मात्र बरोबर ओळखू येत. आई गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, ते ताईकडे होते आणि दिसेल ते खोलून ठेवत होते. पंखा झाला, मिक्सर झाला. न्हाणीघराच्या दाराची मूठ त्यांनी काढून खिशात घातली तेव्हा ताईचा नवरा आत होता. ताई ड्रायक्लीनिंगच्या दुकानात दिवसभर उभी राहून घरी यायची, तर बाबा टक्क जागे. तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं आता गिऱ्हाइकांनाही दिसायला लागली होती.

धाकटा दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात कामाला होता. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, म्हातारा माणूस चढणार कसा? वर्षभर ही अडचण पुरली. मग त्याने तळमजल्यावर घर घेतलं आणि ती अडचणही संपली. तेव्हापासून दर रविवारी फोनवर दोघांची जुंपायची. कुणाचं घर केवढं, कुणाची तब्येत कशी, बाबांचं आजवर कुणी किती केलं. कुणीच मागे हटेना. शेवटी ताईचा नवरा वैतागून म्हणाला, एकदा काय तो सोक्षमोक्ष लावून टाका.

तेव्हा बाबांचाच जुना कायदा बाहेर निघाला. लहानपणी दोघं कशावरूनही भांडली की बाबा हातातलं काम न सोडता सांगायचे, पुलापर्यंत जाऊन या, आधी पोचेल त्याचं खरं. हरणाऱ्याने तो विषय पुन्हा काढायचा नाही. दोघांनी या घाटातल्या हौशी सायकल शर्यतीसाठी एकाच दिवशी नावं नोंदवली.

धाकट्याने प्रशिक्षक लावला, नवी हलकी सायकल घेतली. ताईची सायकल जुनीच होती. ती दुकान उघडायच्या आधी तासभर चढावर जाऊन घाम गाळायची, एवढीच तिची तयारी. आज निघताना नवऱ्याने बजावलं होतं, हरून आलीस तर दार उघडणार नाही. थट्टाच होती, पण पुरती थट्टा नव्हती.

माथ्यावर धुकं होतं आणि रस्ता ओला. पाण्याच्या टेबलाशी झुंबड उडाली होती. निशाण घेतलेली बाई सगळ्यांना सावकाश जा म्हणून सांगत होती. खाली दोन वळणांवर धाकट्याचा लाल सदरा दिसला. ताई पाण्याला थांबली नाही.

उतारावर तिने ब्रेकवरची बोटं सैल सोडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात बधिर झाले होते. पुढच्या वळणावर एकाचं चाक घसरलं आणि तो सायकलीसकट गवतात गेला. ताई त्याच्या आणि कठड्याच्या मधून निघाली. तिला भयंकर भीती वाटली. आपण पडलो तर सगळंच हातचं गेलं, असं मनात आलं, तरी तिने ब्रेक दाबला नाही.

पायथ्याशी तिने त्याला गाठलं. समोरून वारा होता. ती त्याच्या चाकाला चिकटून त्याच्या आडोशाने जाऊ लागली. तिच्या श्वासाचा आवाज ऐकून त्याने मान वळवली.

“सोड ना हट्ट, ताई,” तो म्हणाला. “तुला आता झेपत नाही.”

“दोन वर्षं मी निभावलंय,” ती म्हणाली. “आता माझं ऐकायचं.”

त्याने वेग वाढवला. तिची मांडी आखडायला लागली होती, तोंडात लोखंडाची चव आली होती. गावात शिरताना दोन्ही बाजूंनी लोक टाळ्या वाजवत होते. शेवटच्या वळणानंतर शर्यत संपायची कमान दिसली तेव्हा ती त्याच्या आडोशातून बाहेर पडली. पाय म्हणजे नुसती लाकडं झाली होती. ती दात-ओठ खाऊन ती लाकडं फिरवत राहिली. कमानीखाली तिचं चाक त्याच्या वीतभर पुढे होतं.

तिने सायकल कशीबशी कुंपणाला टेकवली आणि नवऱ्याला फोन लावला. जिंकले, एवढंच सांगितलं. पलीकडे तो हसला की रडला, तिला कळलं नाही. कितीतरी महिन्यांनी तिचा जीव भांड्यात पडला होता.

धाकटा रस्त्याच्या कडेला बसला होता. डोकं गुडघ्यांत, खांदे हलत होते. एवढा मोठा बाप्या, पण पूर्वी पुलावर हरल्यावर बसायचा तसाच बसला होता. ताई जाऊन त्याच्या शेजारी टेकली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण समजुतीचा एकही शब्द काढला नाही. असल्या बाबतीत ती पक्की होती.

त्याने सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं.

“ठरलं ते ठरलं. बाबा तुझ्याकडेच राहतील,” तो म्हणाला. “पण ताई, वर्षातले दोन महिने तरी त्यांना मला देशील का गं?”