महांतेश अजून धावला नाही

कॅनडातल्या विनिपेगमध्ये मध्यरात्र व्हायला जेमतेम अर्धा तास उरला होता आणि महांतेश अजून धावला नव्हता. इकडे बेंगळूरुजवळच्या बोम्मसंद्राच्या कारखान्यात सकाळी अकरा वाजता वीणा पुन्हा एकदा जिन्यात आली. खाली यंत्रांपाशी फोन न्यायला बंदी होती. त्यामुळे फोन वरच्या लॉकरमध्ये आणि तिचा जीव त्या फोनमध्ये. तिनं तो काढून बघितला. धावण्याच्या ॲपवर तिच्या नावापुढं आजची हिरवी खूण होती. नवऱ्याच्या, म्हणजे महांतेशच्या नावापुढं काहीच नव्हतं.

आज ती जिंकणार होती. मग आनंद का होत नाहीये, हे तिचं तिलाच कळेना.

पैज दिवाळीत लागली होती. महांतेशला कॅनडात कायमचं राहायला मिळत होतं आणि वीणानं तिकडं यावं, असं त्याचं म्हणणं. वीणाचं म्हणणं, तुम्हीच परत या; चामराजपेटेतलं घर, इथली नोकरी आणि निपाणीला एकट्या राहणाऱ्या तुमच्या आईंना सोडून मी काय तिकडं बर्फ उपसायला येऊ? दोघंही सारखेच हट्टी. भांडून भांडून थकल्यावर महांतेशनं तोडगा काढला. हिवाळाभर दोघांनी रोज धावायचं. ज्याचा पहिला खाडा पडेल त्यानं बॅग भरायची आणि दुसऱ्याच्या गावी राहायला जायचं. वीणा एका पायावर तयार झाली. बेंगळूरुची थंडी ती काय, सकाळी घातलेला स्वेटर कामावर पोचेपर्यंत नकोसा होतो. तिकडं रस्तेच्या रस्ते गोठलेले. हा माणूस आठवडाभरात शेपूट घालून घरी येईल, अशी तिची खात्री होती.

महांतेशनं बुटांखाली खिळे बसवून घेतले आणि धावत सुटला. मिशीवर बर्फ साचल्याचे फोटो येऊ लागले. वीणा रोज तिथलं हवामान बघायची, पारा आणखी खाली गेला की खूश व्हायची आणि तो धावून आला की चडफडायची. शेवटी तिनं हवामान बघणंच सोडून दिलं. पण तीही मागं हटली नाही. अंगात ताप असताना धावली. चुलत दिराच्या लग्नात शालू नेसून, पायात बूट घालून मंगल कार्यालयाला फेऱ्या मारल्या. वऱ्हाडी जेवायचं सोडून बघत राहिले. रोज पहाटे चामराजपेटेच्या गल्लीत कुत्री मागं लागायची आणि फुलवाला मंजुनाथ म्हणायचा, "अक्का, स्वल्प हळू, बस येतीय."

धावताना एक विचार मात्र तिला टोचत राहायचा. असल्या बर्फात रोज बाहेर पडणाऱ्या माणसाला घरी यायचंच नसेल का? मग तिला राग यायचा, आणि रागाच्या खाली रडू.

आणि आज हा खाडा. त्याचं कारण तिला सकाळीच कळलं होतं. घरच्या ग्रुपवर तानूबाईंनी, म्हणजे वीणा ज्यांना आत्या म्हणायची त्या सासूबाईंनी, एक व्हिडिओ टाकला होता. घोंघावणारं हिमवादळ, टपापर्यंत गाडलेल्या गाड्या. खाली लिहिलं होतं, 'आमच्या म्हांतूच्या गावात बघा काय चाललंय.' त्यावर बेळगावपासून हुबळीपर्यंतच्या नातेवाइकांनी हात जोडले होते.

वीणानं फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. तरी नाही. आधी तिला भीती वाटली, की हा वेडा वादळात बाहेर पडला की काय. मग दिसलं, की व्हॉट्सॲपवर तो मधूनमधून ऑनलाइन येतोय. म्हणजे घरात आहे, धड आहे. वादळानं हरवलं म्हणून रुसून बसलाय.

तिच्या डोळ्यांपुढं पुढची सगळी वर्षं उभी राहिली. महांतेश येणार, कारण शब्दाचा पक्का आहे. येऊन चामराजपेटेत राहणार. रस्त्यात गाडी अडकली की गप्प, ऑफिसात बिनसलं की गप्प. त्या प्रत्येक गप्प बसण्यात हे वादळ असणार आणि तिला ते जन्मभर ऐकावं लागणार. तिला नवरा हवा होता. वादळानं दारात आणून टाकलेला माणूस नको होता.

भिंतीला टेकून तिनं लिहिलं, 'आजचा दिवस धरायचा नाही. वादळात कुणी धावू नये. उद्यापासून परत.' हाती आलेली पैज सोडून देणं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. तरी तिनं पाठवलं.

फोन वाजला तेव्हा तिकडं दुसरा दिवस लागला होता.

"कसलं वादळ गं?" महांतेशनं विचारलं.

"आत्यांनी सकाळी व्हिडिओ पाठवला की. गाड्या गाडल्यात सगळ्या."

"तो इथला नाही. आईला बर्फ दिसला की ते माझंच गाव."

वीणा जिन्याच्या पायरीवर बसली. "मग धावला का नाहीत? आणि फोन का उचलत नव्हता?"

"उचलला असता तर तू मला बाहेर पिटाळलं असतंस. बारा वाजायची वाट बघत होतो." मग तो म्हणाला, "आज इथं दिवसभर लख्ख ऊन होतं, वीणा. मी बूट घातले, दारापर्यंत गेलो आणि परत काढून ठेवले."