चौकातलं रेडकू

गोरखने रॉकेलचा बोळा रेडकाच्या पाठीवर इतका रगडला, की बोटं सोलवटली. शेंदूर काही सुटता सुटेना.

वेल्ह्याच्या चौकात, एसटी थांब्यासमोर बसलेलं हे काळ्या दगडाचं रेडकू त्याने वर्षभर खपून घडवलं होतं. चौथरा मुद्दामच घातला नव्हता. म्हाताऱ्यांनी टेकावं, पोरांनी पाठीवर बसावं, एवढीच त्याची हौस. तीन दिवसांपूर्वी कुणीतरी शेंदूर फासला आणि लोक टेकायचे सोडून नारळ फोडू लागले. रोज सकाळी नवा लेप. गोरखच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

नारळ विकणाऱ्या धनाजीला त्याने काल भर चौकात शिव्या घातल्या. घरी आईही शेंदराच्याच बाजूची.

"ऱ्हाऊ दे की शेंदूर," ठकुबाई म्हणाली होती. ती त्याच चौकात भाजी विकायची. "तुला काई सांगायची सोय न्हाई, लगेच मारामारीला उठतोस. आन् गोडंतेल आण, संपलंय."

तेल त्याने परवाच आणलं होतं. पण तेलावरून वाद घालण्याइतकं डोकं ठिकाणावर होतं कुणाचं?

म्हणून आज तो पहिल्या एसटीच्या आधीच विंझरच्या घरून फटफटीवर आला. शेंदूर फासणारा काही सापडला नाही. निदान शेंदूर तरी खरवडून काढला.

तीन दिवस चौकात नुसत्याच उभ्या असलेल्या जेसीबीतून ड्रायव्हर माऊली खाली उतरला. तंबाखू मळत जवळ आला.

"ह्यो म्हसोबा न्हाई व्हय?"

"कसला म्हसोबा! म्या घडवलंय ते. नुसता दगड हाय."

"मंजी हात लावला तर चालतंय?"

"हात काय, पाय ठेवा."

"बरं झालं बाबा. लई खोळंबलो हुतो."

चला, एकाला तरी पटलं. गोरख नळावर हात धुवायला गेला.

मागे इंजिन धडधडलं. तो वळला. रस्ता रुंद करायला आखलेली चुन्याची रेघ थेट रेडकाच्या पोटाखालून गेली होती. ती त्याने आज पहिल्यांदा पाहिली. तो ओरडत धावला, पण त्या आवाजात माऊलीला काय ऐकू जाणार? लोखंडी फावड्याने रेडकू उपटलं, मान तुटून डांबरावर पडली.

तेवढ्यात पहिली एसटी आली. ठकुबाई उतरली आणि तुटलेल्या मानेकडे धावली. तिच्या पाटीतून भाजी सांडली, आणि भाजीखालची तेलाची बाटली नि शेंदराची पुडी.