रविवारची एक सिगार

"सिगार धरता तो हात दाखवा," क्लबचा चिटणीस म्हणाला.

म्हाताऱ्यानं उजवा हात पुढं केला. जवळचं बघायला चिटणीसाला चष्मा काढावा लागे. तो काढून त्यानं खिडकीत ठेवला आणि बोटं निरखली. स्वच्छ. नखांवरसुद्धा डाग नाही.

"साठ वर्षं ओढताय म्हणता, आणि बोटं अशी?"

"आठवड्याला एकच ओढतो, रविवारी. तेवढ्यानं काय रंगणार?"

"मग एक पेटवून दाखवा."

"आज शनिवार आहे, साहेब."

वा रे पठ्ठ्या, चिटणीस मनात म्हणाला.

सकाळी क्लबच्या मैदानावर पंच्याऐंशीच्या पुढच्यांची शर्यत झाली होती. बाकीचे धापा टाकत होते, तेव्हा हा गडी आरामात पहिला आला. वर कर्ण्यावरून सांगून मोकळा झाला की रोज जिने चढायचे आणि रविवारी एक सिगार ओढायची, बाकी औषध नाही. लोकांनी तिथल्या तिथं त्याचं नाव इंजिन ठेवलं.

बक्षीस मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. क्लबच्या संस्थापकानं लिहूनच ठेवलं होतं: या गटातल्या विजेत्याला मैदानालगतचं बैठं घर, तहहयात. घर रिकामं झालं की मगच ही शर्यत व्हायची. मागच्या खेपेला सत्तरीचा एक बहाद्दर थोरल्या भावाचे कागद दाखवून त्या घरात चार वर्षं राहिला. शेजाऱ्यांनीही साक्ष दिली होती, आणि खाली सही होती या चिटणीसाची. अजून त्याला बघितलं की क्लबात कुणीतरी हसतंच. पुन्हा फसलो तर पद गेलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आज तो स्वतः तीन मजले चढून आला होता. लिफ्ट नव्हतीच.

खोलीत चाकांच्या खुर्चीत आणखी एक माणूस होता. दात गेलेले, गाल बसलेले, डोकं पिकून पांढरं. नाक मात्र हुबेहूब इंजिनसारखं.

"हा माझा मुलगा," इंजिननं आल्या आल्या सांगितलं होतं. "अर्धांग झालंय. प्रमाणात राहणं ह्याला कधी जमलंच नाही. घाई केली की वाचा अडते त्याची, सावकाश विचारा."

मुलगा? हा? तेव्हाच चिटणीसाच्या मनात पाल चुकचुकली होती.

"मैदानाच्या उद्घाटनाची शर्यत बघायला शाळेतून पळून गेला होतात म्हणालात ना?" त्यानं आता विचारलं. "पहिला कोण आला होता?"

इंजिन डोकं खाजवू लागला. खुर्चीतल्या माणसाचे ओठ हलले. "पोस्टमनचा... पोरगा. अनवाणी."

"बघा!" इंजिन खूश झाला. "गोष्टी माझ्या, पाठ मात्र ह्याला."

चिटणीस हसला नाही. इंजिनच्या बनियनच्या कडेला, दोन्ही खांद्यांवर, पट्ट्याचे लाल वळ त्याला दिसले.

"हे कसले?"

"आठवड्यातून दोनदा वजन घेऊन जिने उतरतो, चढतो."

"केवढं वजन?"

"चाळीस किलो. पूर्वी साठ होतं, आता घटलंय."

शहाऐंशीचा माणूस चाळीस किलो घेऊन तीन जिने चढतो! थापेलाही काही मर्यादा असते. चिटणीस उठला, खुर्चीपाशी गेला आणि त्या माणसाचा हात उचलून डोळ्यांजवळ धरला. दोन बोटं टोकापर्यंत पिवळी, नखं तपकिरी.

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"साठ वर्षं धूर काढलाय तो ह्यांनी," तो म्हणाला. "जुन्या आठवणी ह्यांच्या, वयही ह्यांचंच. वडील हे, आणि मुलगा तुम्ही! मला काय दुधखुळा समजलात?"

इंजिन आधी हसलाच. मग त्याचा चेहरा उतरला. "अहो, मी बाप आहे ह्याचा! खोटं कशाला बोलू? मला ते घर हवंय हो. हे तीन जिने आता फार दिवस झेपायचे नाहीत."

"सकाळी तर वाऱ्यासारखे पळालात!"

खुर्चीतला माणूस कासावीस झाला. तोंड उघडलं, मिटलं, लाळ गळाली, पण शब्द काही फुटेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"बघा, त्यांनाच लाज वाटतेय," चिटणीस म्हणाला. अर्जावर त्यानं ठसठशीत अक्षरांत 'अपात्र' लिहिलं, सही ठोकली आणि बाहेर पडला.

दुसऱ्या मजल्यावरच त्यानं अध्यक्षांना फोन लावला. "किल्ली दुसऱ्या नंबरवाल्याला द्या. पहिला लबाड निघाला."

"शाब्बास! तो इथंच ताटकळत बसलाय," अध्यक्ष म्हणाले. "ही बघा, दिली त्याच्या हातात."

चिटणीसाला कितीतरी महिन्यांनी मोकळं वाटलं. या खेपेला त्याला कुणी फसवू शकलं नव्हतं. शीळ घालत तो चार पायऱ्या उतरला आणि पुढची पायरी धूसर दिसली तेव्हा त्याचा हात डोळ्यांकडे गेला. चष्मा खिडकीतच राहिला होता. चरफडत तो परत वर चढला.

दार अर्धं उघडं होतं. आत इंजिन खुर्चीकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला होता. एक रुंद पट्टा त्याच्या दोन्ही खांद्यांवरून मागं जाऊन त्या माणसाच्या कमरेभोवती आवळलेला होता. "चल, दवाखान्याची वेळ झाली," इंजिन म्हणाला आणि त्यानं दात आवळून जमिनीवर हात टेकले.

खुर्चीतला माणूस आता शांत झाला होता. शब्द सावकाश आले, पण स्पष्ट आले.

"आज राहू द्या ना, बाबा. सकाळीच पळालाय तुम्ही."