दुधाचा पंचनामा

"तुम्ही एक शब्दही बोलायचं नाही, जाऊबाई," धाकट्या जावेने माईच्या कानात बजावलं. "तुम्ही तोंड उघडलंत की सगळं मुसळ केरात. आम्ही बघतो काय बोलायचं ते."

गोठ्यासमोर खुर्ची टाकून तपासणीस साहेब बसले होते. पंचनाम्याला शेजारी लागतात, म्हणून अख्खी गल्ली जमली होती. फाटकाशी गुरांच्या व्यापाऱ्याचा ट्रक उभा होता. वैरण संपत आली होती. महामारीची सरकारी मदत मिळाली तर माईच्या गाई राहणार, नाही तर आजच ट्रकात चढणार.

सगळं बंद होतं आणि डेअरीने दूध घेणं थांबवलं होतं, तेव्हा माई तोंडाला फडकं बांधून दारोदार फिरली. आजाऱ्यांची घरं आधी. उंबऱ्यावरचं पातेलं भरायचं आणि लांब उभं राहून ओरडायचं, "तापवून घ्या गं!" पैशाचं नावसुद्धा काढलं नाही. अशी माणसं आता शोधूनही सापडत नाहीत.

पण जावेच्या भावाने टोमॅटोच्या उभ्या पिकावर नांगर फिरवला आणि त्याला मदत मिळाली. म्हणजे फेकलं तरच पैसे, हे जावेने साऱ्या गल्लीच्या गळी उतरवलं. फुकट वाटलं म्हणालो तर साहेब म्हणतील, यात नुकसान कसलं? पुण्य मिळालं ना, झालं तर!

"त्या दिवसांत दुधाचं काय केलंत?" साहेबांनी विचारलं.

"ओतलं!" शिंपी पुढे सरसावला. "नाल्याला दुधाचा पूर आला होता, साहेब."

"वास तर असा, की नाकाला रुमाल," पोस्टमन म्हणाला. "तसा तो होताच म्हणा."

साहेबांचं पेन थांबलं. "थोडं तरी कुणाला दिलं असेल? आठवून बघा."

साहेब गळ टाकताहेत, जावेच्या लगेच लक्षात आलं. "छे हो! थेंबही नाही."

"एखाद्या लहान मुलाला?"

"मांजरालासुद्धा नाही!" शिंपी छातीठोकपणे म्हणाला. त्याची जुळी पोरं त्याच दुधावर तगली होती. बोलताना बिचाऱ्याचा आवाज चिरकला.

आपल्यासाठी सगळी गल्ली खोटं बोलतेय, हे पाहून माईला भरून आलं. आणि तितकाच संतापही आला.

साहेबांनी सुस्कारा सोडला, कागदांची घडी घातली आणि ते उठले.

"झालं बाई काम!" जाऊ पुटपुटली.

"काही झालेलं नाही!" माई ताडकन उठली. "माझ्या गाईंचं दूध मी नाल्यात ओतीन? हात झडतील माझे! दारोदार वाटलं मी ते, साहेब. ही सगळी आत्ता माझ्यासाठी खोटं बोलताहेत. पैसे नका देऊ, पण असलं काही माझ्या नावावर लिहू नका."

जावेने कपाळावर हात मारून घेतला. शिंपी खाली बघू लागला. फाटकाशी व्यापाऱ्याने दोर हातात घेतले. माई जवळच्या गाईच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली आणि तिला रडू फुटलं.

साहेब पुन्हा खुर्चीत बसले.

"अहो बाई, मग इतका वेळ गप्प का बसलात? दुधाची मदत फक्त वाटणाऱ्यांना आहे. ओतणाऱ्यांना सकाळपासून नाही म्हणत फिरतोय मी!"