गरज पडल्यास

फौजदारबाईंनी टोपी काढून काखेत धरली, बूट उंबऱ्याबाहेर ठेवले आणि रिकामी खुर्ची सोडून त्या ठेंगण्या स्टुलावर बसल्या.

"उस्ताद, आधी पाणी द्या."

उस्तादांनी उठून प्लास्टिकच्या कपात पाणी आणलं. स्टीलचे पेले हिने कुठे दडवून ठेवलेत देव जाणे, अशी बायकोच्या नावाने कुरकुरही केली. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या कपाळावर पट्टी होती; कपाटाचं दार लागलं म्हणाल्या.

निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी उस्तादांच्या कमरेचा पट्टा काही सुटला नव्हता. पोलीस शाळेत याच माणसाने बाईंना भर उन्हात पळवून पळवून रडवलं होतं आणि मग स्वतःच्या डब्यातलं खायला घातलं होतं. बाईंचा त्यांच्यावर बापाइतका जीव. आज तर त्यांच्यावाचून पान हलणार नव्हतं.

बाईंनी काम सांगितलं. एका माणसाला इस्पितळात न्यायचंय. चार रात्री डोळ्याला डोळा नाही, भिंतीत माणसं बोलतात म्हणतो, काल घरात भांडी फेकली. चार वाजेपर्यंत तो आला नाही, तर पथक जाऊन त्याला बांधून आणणार.

"कागदात काय लिहिलंय?" उस्तादांनी विचारलं.

"गरज पडल्यास बळ वापरावं."

"गरज पडली, हे कोण ठरवणार?"

"चारपर्यंत मी."

"अंगापिंडाने कसा आहे?"

"धिप्पाड. चौघांनी दाबून धरला तर त्याचंच हाड मोडेल, उस्ताद. मला ते बघवणार नाही." बाई स्टुलावरून पुढे सरकल्या. "तुम्ही सोबत चला."

उस्ताद बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी आपली जुनी टोपी चढवली. उशीर झाला तर असू दे, म्हणत काकूंनी हातात पिशवी दिली. उस्तादांनी पिशवीत डोकावून पाहिलं, तिचे बंद नीट बांधले आणि निघता निघता काकूंच्या पट्टीवरून अलगद बोट फिरवलं.

गाडीत त्यांनी जुना धडा पुन्हा घोकून घेतला. तरुणपणी असाच एक बिथरलेला शाळामास्तर धरताना त्यांनी त्याचा हात मोडला होता. महिनाभर त्यांना अन्न गोड लागलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक तुकडीला ते एकच सांगत. टोपी काढा. त्याच्यापेक्षा खाली बसा. आणि काहीही बोलायच्या आधी त्याच्याकडे प्यायला पाणी मागा. पाणी द्यायला उठलेला माणूस मारायला उठत नाही. पोरं तेव्हा फिदीफिदी हसायची, ते म्हणाले. मी नव्हते हसले, बाई म्हणाल्या.

गाडी इस्पितळाच्या फाटकातून आत वळली तेव्हा पावणेचार झाले होते. आधी कागद करून घेऊ, बाई घाईघाईने म्हणाल्या. उस्तादांनी मान डोलावली.

खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला आणि पेशंट कुठे आहे म्हणून विचारलं. बाईंनी फॉर्म जवळ ओढला. वाटभर जुळवलेलं वाक्य ऐन वेळी आठवेना.

उस्तादांनी टोपी काढून त्यांच्या हातात दिली, त्यांच्याच खिशातलं पेन घेतलं आणि पेशंटच्या रकान्यात वळणदार अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं.

"पाणी मागितलंस ना पोरी, तेव्हाच ओळखलं मी."