उठायचा सराव

गेल्या वर्षभरात घरात कोण कोण पडलं, असं फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं तेव्हा एकही हात वर झाला नाही. भिंतीलगत खुर्च्यांवर बसलेली म्हातारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी एक निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "आम्ही पडत नाही हो. कधीमधी जरा घाईने खाली बसतो, एवढंच."

हशा पिकला. बाईही हसल्या, आणि म्हणाल्या की घाईने खाली बसणाऱ्यांसाठीच आजचा वर्ग आहे. आसपास कुणी नसताना जमिनीवरून उठायचं कसं, ते आज शिकायचं.

मागे दाराशी एक जावई उभा होता. बायकोला रजा मिळाली नाही म्हणून गॅरेजमधलं काम अर्धवट टाकून तो सासूबाईंना घेऊन आला होता. नखांत अजून ग्रीस होतं.

सुरुवात कोण करणार, असं विचारल्यावर सगळ्यांनी नजरा चुकवल्या. खाली गेलो आणि वर येता आलं नाही, तर चारचौघांत शोभा. मग सासूबाईच उठल्या. वेळ फुकट गेलेला त्यांना खपत नसे. खुर्चीचा आधार घेत त्या मधल्या गादीवर उताण्या झाल्या.

"घाई करू नका. आता मी सांगते तसं..." बाई सांगू लागल्या.

पण सासूबाईंनी सुरुवात केलीसुद्धा. आधी त्या नुसत्या पडून राहिल्या. पायांची बोटं हलवली, मग मनगटं. कुशीवर वळल्या, कोपरावर जोर देऊन अर्ध्या उठल्या आणि तिथेच थांबून दोन-चार श्वास घेतले. मग गुडघ्यांवर रांगत खुर्चीपाशी गेल्या. बसण्याच्या जागेवर हात टेकण्याआधी त्यांनी खुर्ची हलवून पाहिली, सरकते की काय म्हणून. हे बाईंनी अजून सांगितलंच नव्हतं. उजवा पाय पुढे, दोन्ही हातांवर भार, आणि वळून त्या खुर्चीत बसल्यासुद्धा.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुठे शिकलात आजी, असं बाईंनी कौतुकाने विचारलं. टीव्हीवर दाखवतात की, असं सांगून सासूबाई कपडे झटकू लागल्या.

जावयाने टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्याचा हात न बघता नेमक्या बोल्टवर जातो, त्याने ते इंजिन आधी उघडलेलं असतं, एवढं त्याला कळत होतं.

परतताना गाडीत सासूबाई बराच वेळ पोस्टमास्तरांबद्दल बोलत होत्या. सिग्नलला गाडी थांबल्यावर जावयाने समोर बघतच विचारलं, "आई, किती वेळा?"

"मोजलं नाही."

सिग्नल सुटला. लेकीने आधीच बजावून ठेवलं होतं, की एकदा जरी पडलीस तर या घराला कुलूप आणि तू आमच्याकडे. ती बोलली की करतेच, हे दोघांनाही ठाऊक होतं. सासूबाईंनी ताकास तूर लागू दिली नव्हती ती एवढ्याचसाठी. तिला सांगू नका, असं त्या म्हणाल्या. जावयाने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

एरवी तो त्यांना दाराशी सोडून जायचा. आज बूट काढून आत आला आणि कुठे कुठे ते दाखवा म्हणाला. जाऊ द्या हो, असं म्हणत सासूबाईंनी थोडा वेळ टाळलं. मग नव्या भाडेकरूला घर दाखवावं तसं त्यांनी दाखवलं. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी. पलंगाच्या पायथ्याशी. स्वयंपाकघरात ओट्यालगतच्या कोपऱ्यात.

प्रत्येक ठिकाणी जावई जमिनीवर आडवा झाला. कपडे खराब होतील, असं सासूबाई सांगत होत्या. उंबऱ्याशी दाराची चौकट हाताला येत होती. पलंगाशी पलंगाचा पाय होता. ओट्यालगत मात्र त्याने चारी बाजूंना हात फिरवला, तरी धरायला काहीच लागेना. गुळगुळीत फरशी आणि बंद कपाटं.

"इथून कशा उठलात?"

"उठलेच नाही बराच वेळ. खिडकीतलं ऊन ओट्यावरून माझ्या अंगावर आलं, मग पार भिंतीपर्यंत गेलं." सासूबाई थांबल्या. "मध्ये तिचा फोन आला. पलीकडे टेबलावर वाजत होता. मी इथूनच ओ देत होते."

"मग?"

"मग काय. रांगत खोलीत गेले, पलंग धरून उठले. आंघोळीला गेले होते, असं सांगितलं तिला. तिला खरं वाटलं."

जावई फरशीवरच पडून राहिला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. वर्ग कसा झाला हे विचारायला लेकीने ऑफिसातून केला होता. सासूबाई हळूहळू टेबलापाशी गेल्या. फोन हातात घेऊन नाव वाचलं आणि तो वाजत असतानाच घेऊन परत आल्या. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून एका हाताने ओटा धरून त्यांनी दुसरा हात जमेल तेवढा खाली केला.

"तुम्हीच बोला," त्या म्हणाल्या. "मला आता खोटं फार सहज यायला लागलंय."

जावयाने हात लांब करून फोन घेतला.

"हो, झाला वर्ग," तो म्हणाला. "ऐक, मी आईंच्या स्वयंपाकघरात आहे. जमिनीवरून बोलतोय."